फळा पुसू नये

मास्तरांच्या हातून जे घडलं ते सुंदर अक्षराच्या हौसेपायी घडलं. ज्यांचं अक्षर किरटं असतं त्यांच्यावर असले प्रसंग येत नाहीत. ते बिचारे फळ्यावर काहीतरी खरडतात, पुसतात आणि सुखाने घरी जातात.

तसे मास्तर हे काही मूळचे मास्तर नव्हेत. उभी हयात पाणीपुरवठा खात्यात गेली. निवृत्तीनंतर ते घरातल्या नळांवर देखरेख करू लागले, तेव्हा बायकोने सिनेगॉगच्या अध्यक्षांना गाठून यांना काहीतरी काम द्या म्हणून सांगितलं. अध्यक्षांचं चष्म्यांचं दुकान. त्यांना समोरच्याची अडचण लांबूनच दिसते. त्यांनी रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग मास्तरांच्या गळ्यात घातला. ज्यू मुलांना आपला इतिहास कळावा, सण कळावेत, एवढाच त्या वर्गाचा हेतू. तो मुलांना मान्य नव्हता ही गोष्ट वेगळी.

मास्तर इतिहास शिकवत तो सनावळीसकट. मंदिर बांधलं, मंदिर पाडलं, लोकांना हाकललं, लोक परत आले, मंदिर पुन्हा बांधलं, पुन्हा पाडलं. एवढा मोठा विध्वंस, पण मास्तरांच्या तोंडून तो मुख्य जलवाहिनी फुटल्याच्या अहवालासारखा ऐकू येई. मुलं जांभया देत. अध्यक्ष अधूनमधून दारातून डोकावत आणि काही न बोलता जात. मग एके दिवशी ते बोलले. त्यांचा भाचा शहरातून शिकून आला होता. त्याच्याकडे प्रोजेक्टर होता. येत्या सणांनंतर वर्ग त्याच्याकडे द्यावा असं कमिटीच्या मनात होतं. ‘तुम्हालाही जरा विश्रांती,’ अध्यक्ष म्हणाले.

मास्तरांनी हे घरी सांगितलं नाही. विश्रांती म्हणजे काय ते त्यांना नळांपाशी बसून कळलं होतं. रविवारी सकाळी दाढी करून, मुलीच्या लग्नात शिवलेला काळा लोकरीचा कोट चढवून घराबाहेर पडायला जगात त्यांना दुसरं कारण उरलं नव्हतं. वर्ग गेला की कोटही कपाटात जाणार आणि त्याच्यामागून आपणही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. म्हणून त्या रविवारी त्यांनी ठरवलं की आज मुलांना जागं करायचंच.

त्यांनी खडू घेतला आणि फळ्याच्या मधोमध हिब्रूतली चार अक्षरं काढली. देवाचं नाव. वीतभर उंच, खडूने दोनदा-तीनदा गिरवून. एकेक अक्षर असं देखणं उतरलं की मास्तर स्वतःच दोन पावलं मागे सरकून पाहत राहिले. मग मुलांकडे वळून त्यांनी सांगितलं की हे नाव उच्चारायचं नसतं, वाचताना त्याच्या जागी दुसरा शब्द म्हणायचा. आणि एकदा लिहिलं की ते पुसायचं नाही, फाडायचं नाही. म्हणूनच तर आपल्यात जीर्ण झालेली पवित्र पुस्तकंसुद्धा टाकत नाहीत, माणसासारखी पुरतात.

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. तिला सगळे वकीलीणबाई म्हणत. आईबाप प्रेमाने म्हणत, बाकीचे धास्तीने.

"मग सर, आता हे कसं पुसणार?"

वर्गात असं काही विचारलं की मागच्या बाकांपर्यंत जाग येते. सगळी मुलं फळ्याकडे बघू लागली. मास्तरही बघू लागले. कागदावर छोटंसं लिहून दाखवता आलं असतं. एखादं अक्षर गाळता आलं असतं. शिकवताना नेहमी तसंच करतात. पण माणूस पेटला की त्याला असल्या गोष्टी आठवत नाहीत.

"पुसायचं नाही," मास्तर म्हणाले. खात्यात असताना ते ज्या आवाजात ‘सही होणार नाही’ म्हणत, तोच हा आवाज. आणि फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी छोट्या अक्षरात लिहिलं: ‘पुसू नये. आज्ञेवरून.’

इथे एक अडचण अशी होती की फळा सिनेगॉगचा नव्हताच. आठवडाभर वर्गाची खोली शिवणवर्गाला दिलेली असे आणि फळा शिवणवर्गाच्या बाईंचा होता. शिवणबाई सोमवारी आल्या, फळा पाहिला, सूचना वाचली. त्या स्वतः दुसऱ्या धर्माच्या, पण देवाच्या वाटेला न जाणं हे त्यांचं सर्व धर्मांच्या बाबतीत धोरण होतं. त्यांनी उरलेल्या जागेत शिकवलं. त्या आठवड्यात शिवणवर्गाच्या मुली फक्त तान्ह्या बाळांच्या बाह्या शिकल्या, कारण मोठ्या माणसाची बाही नावाच्या बाजूला मावत नव्हती.

शनिवारी रात्री त्या गळ्यात टेप घेऊनच मास्तरांच्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मुलींची परीक्षा जवळ आलीय आणि परीक्षक काही बाळ घेऊन येत नाहीत.

मास्तरांनी दोन धर्मगुरूंना फोन लावले. एकालाच लावायला हवा होता, पण खात्याची सवय, दुसरं मत घेतल्याशिवाय चैन पडेना. पहिले गुरू म्हणाले, खडूचं लिहिणं ते काय, टिकणारं थोडंच आहे, गरज असेल तर कुणाकडून तरी पुसून घ्या. दुसरे म्हणाले, अजिबात नाही. दोघांनीही आपापल्या बाजूने इतके आधार दिले की मास्तरांचा कान गरम झाला.

"मग पहिल्यांचं ऐका की," बायको म्हणाली.

"मी वर्गात बोललोय."

"कुणापुढे? पोरांपुढेच ना."

"पोरांपुढे बोललोय म्हणूनच," मास्तर म्हणाले, आणि हे बोलून झाल्यावर ते त्यांचं त्यांनाच पटलं. बायकोने पुढे वाद घातला नाही. तिने फक्त भांडी जरा मोठ्याने लावली.

रविवारी वर्गात बसायला जागा नव्हती. मुलांनी फळा दाखवायला भावंडं आणली होती. मास्तर खुशीत आले. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या वर्गात कुणी उशिरा आलं नव्हतं. पण मुलं धडा नुसता शिकली नव्हती, त्यांनी तो वापरायला घेतला होता, हे त्यांना दुपारी फोन येऊ लागल्यावर कळलं. एकाने गणिताच्या नापास झालेल्या पेपरावर ती चार अक्षरं लिहिली होती, आणि बाप पेपर फाडायला धावला तेव्हा पोरगं शांतपणे म्हणालं होतं, पाप लागेल. दुसऱ्याने फाटक्या बुटांच्या खोक्यावर लिहिलं. एकीने मोडक्या खेळण्यांच्या ढिगातल्या प्रत्येक नगावर. सर्वांत धाकटा, ज्याला सगळे बटण म्हणत, त्याने तेलकट खडूने दिवाणखान्याच्या भिंतीवर लिहिलं होतं. त्याच्या बापाचा आवाज फार थकलेला होता. भिंत कुठे पुरतात, एवढंच त्याला विचारायचं होतं.

बटणला अजून अक्षरं नीट येत नव्हती, चारातली दोन भलतीच होती, म्हणून भिंत वाचली. पण सोमवारी अध्यक्ष आले. भाचा बरोबर होता. अध्यक्षांनी चष्मा पुसला, घातला आणि सांगितलं की फळा येत्या रविवारी रीतसर पुरा, आणि मग वर्गाचं काय ते बोलू. मास्तरांनी मान डोलावली. ‘काय ते’ म्हणजे काय, हे खात्यात जन्म काढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मग मास्तर दफनभूमीच्या कचेरीत गेले. तिथले कारभारी सज्जन होते, पण नियमाचे पक्के. जुनी पुस्तकं पुरायला कोपऱ्यात जागा होती, त्याला ते कधी नाही म्हणत नसत. पण फळा हे पुस्तक नव्हे.

"लाकूड आहे," कारभारी म्हणाले. "लाकडाचं आमच्याकडे एकच काय ते येतं, आणि त्याच्या आत माणूस असतो."

दोघांनी बराच वेळ विचार केला. मास्तरांना राग येत नव्हता. उलट त्यांना त्या कचेरीत आपल्या माणसांत आल्यासारखं वाटत होतं. शेवटी माणसांचाच फॉर्म भरायचं ठरलं. मृताचे नाव: फळा. वय: नक्की माहीत नाही, शिवणबाईंच्या मावशीच्या वेळेपासून आहे. मृत्यूचे कारण या रकान्यापाशी मास्तर अडले. कारभाऱ्यांनी सुचवलं म्हणून ‘हस्ताक्षर’ असं लिहिलं. अर्जदाराचे मृताशी नाते, इथे एक रेघ ओढली.

खालच्या मजल्यावरचे इंजिनियर एव्हाना मदतीला सरसावले होते. निवृत्त इंजिनियर शेजारी असला की माणसाला संकटाची वेगळी गरज राहत नाही. त्यांचं पहिलं मत असं की करवतीने नावापुरता तुकडा कापावा. शिवणबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते मत तिथेच संपलं. म्हणजे बाईंनी फळा पुरायला संमती दिली होती, कारण सिनेगॉगने नवा द्यायचं कबूल केलं होतं. पण कापायला त्यांची संमती नव्हती. माणसाच्या भावना अशाच असतात.

रविवारी टेम्पो सांगितला होता. टेम्पोवाल्याने कुठे जायचं विचारलं, मास्तरांनी दफनभूमी म्हणून सांगितलं. त्याने प्रेत कुठे आहे विचारलं, मास्तरांनी फळ्याकडे बोट दाखवलं. टेम्पोवाला टेम्पो वळवून निघून गेला. मग चालत जायचं ठरलं. लांब नव्हतं, एकच सरळ रस्ता.

फळ्याला मास्तरांच्या बायकोने धुतलेली चादर गुंडाळून दिली होती. दोन मोठी मुलं टोकांना, मास्तर मध्ये, मागे सगळा वर्ग, आईबाप, अध्यक्ष, मोबाईल उंच धरून भाचा, आणि सगळ्यात शेवटी शिवणबाई, कारण फळा शेवटी त्यांचा होता. कोपऱ्यावर वळल्याबरोबर वारा सुटला. चादरीत वारा भरला आणि फळ्याने मास्तरांसकट अर्धं वळण घेऊन एका न्हाव्याच्या दुकानात शिरायचा प्रयत्न केला. इंजिनियर ओरडून सांगू लागले की चादर काढा, क्षेत्रफळ कमी करा. क्षेत्रफळ कमी कसं होणार होतं कुणास ठाऊक, पण चादर काढली. आता नाव भर रस्त्यावर उघडं पडलं. समोर बसस्टॉप, लोक बघतायत, कुणी पान थुंकेल, कुणाचं कुत्रं येईल. मास्तरांनी फळा फिरवला, अक्षरांची बाजू आत घेतली आणि दोन्ही हातांनी तो छातीशी कवटाळला.

तसे ते निघाले. ऊन चढलं होतं, कोट लोकरीचा होता. मास्तर घामाने निथळत होते आणि खेकड्यासारखे तिरके चालत होते, कारण पुढचं काही दिसत नव्हतं. पोरांना तेवढ्यात स्फुरण चढलं. पुढच्या महिन्यातल्या सिमहात तोराच्या सणासाठी मास्तरांनी त्यांना एक गाणं शिकवायला घेतलं होतं. त्या दिवशी तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, वर्षभर वाचून संपते आणि लोक ती छातीशी धरून नाचतात, आणि लगेच पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचायला घेतात. वर्गात हे गाणं मुलं दाढ दुखत असल्यासारखी म्हणत. आता ती रस्ताभर गात सुटली. बसस्टॉपवरच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली आणि कोण गेलं म्हणून हळूच विचारलं.

"सरांचा फळा," बटण म्हणाला. म्हाताऱ्याने टोपी हातातच ठेवली.

वकीलीणबाई मास्तरांच्या बाजूने चालत होती. बराच वेळ ती गप्प होती, त्यावरून मास्तरांनी ओळखलं की काहीतरी येणार.

"सर, ते लोक पण असंच न्यायचे?"

"कोण लोक?"

"तुम्ही सांगता ते. ज्यांना गावातून हाकललं. ते पुस्तकं न्यायचे ना बरोबर?"

मास्तर थांबले नाहीत, थांबले असते तर फळा पुन्हा उचलता आला नसता. किती वर्षं त्यांना त्या सनावळ्या पाठ होत्या. पण त्या सनांत कुणाचे हात भरून आले असतील, कुणाच्या खांद्याला कळ लागली असेल, हे आजवर कधी त्यांच्या मनातच आलं नव्हतं. त्यांना एकदम भरून आलं.

"हो," ते म्हणाले. "असंच. फक्त त्यांच्या मागे गाणं म्हणायला कुणी नसायचं."

त्या मुलीने फळ्याच्या खालच्या कडेला आपला हात लावला. त्याने वजनात काही फरक पडला नाही, पण मास्तरांना तो पडल्यासारखं वाटलं.

दफनभूमीत कोपऱ्यात खड्डा तयार होता. कारभारी फॉर्म घेऊन उभे होते. मास्तरांनी फळा अलगद खाली ठेवला, त्याची दर्शनी बाजू मंडळींकडे केली आणि रात्री पाठ केलेलं भाषण करायला तोंड उघडलं.

फळा कोरा होता.

म्हणजे अगदी कोरा नाही. खालच्या कोपऱ्यात ‘पुसू नये. आज्ञेवरून.’ एवढं ठळक शाबूत होतं. मध्ये नुसता पांढुरका धुरळा. सगळे फळ्याकडे बघत राहिले. भाच्याने मोबाईल जरा जवळ आणला. मास्तरांना वाटलं आता खड्डा आहेच समोर, आपणच त्यात उतरावं. ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते आपल्याच हातून पुसलं गेलं, तेही मुलांदेखत, आणि अध्यक्ष चष्मा पुसतायत.

"सर," वकीलीणबाई म्हणाली, "गेलं नाही ते. तुमच्या कोटावर आहे."

मास्तरांनी मान खाली घातली. काळ्या लोकरीवर, घामाने ओल्या छातीवर, चारही अक्षरं उमटली होती. उलटी होती, पण देखणी होती.

मग जो तो बोलू लागला. इंजिनियरांचं मत पडलं की उलटं नाव हे नाव धरता येणार नाही, तांत्रिकदृष्ट्या. कुणी म्हणालं आरशात सुलट दिसतं म्हणजे ते नावच. कारभारी फॉर्ममध्ये कपड्यांचा रकाना शोधू लागले. भाचा म्हणाला, एवढं काय, हाताने झटकून टाका. आणि या सगळ्या गलक्यात वकीलीणबाईचा हात पुन्हा वर गेला.

"मग आता सरांना पुरायचं का?"

तिने हे खोडसाळपणे विचारलं नव्हतं. नियम असेल तर तो कळावा एवढीच तिची इच्छा होती. पण बटणने ते ऐकलं आणि तो धावत येऊन मास्तरांच्या पायाला घट्ट बिलगला.

"सरांना नाही पुरायचं," तो रडत म्हणाला. "सर पाहिजेत."

मोठी माणसं हसली. मुलांपैकी कुणी हसलं नाही. ती मास्तरांकडे बघत होती, एकेक जण, मागच्या बाकावरचेसुद्धा, आणि जांभई कुणालाच येत नव्हती. मास्तरांना कळेना की आपले डोळे घामाने चुरचुरतायत की आणखी कशाने. मग कळलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

शिवणबाई पुढे आल्या. पिशवीतून त्यांनी कात्री काढली. म्हणाल्या, छातीवरचा तेवढा तुकडा कापून देते, तो पुरा, वर दुसरं कापड लावून देईन, कळणारसुद्धा नाही. सूचना समजूतदार होती. धर्मालाही चालण्यासारखी होती. पण नाव तेवढं काढून ठेवायचं आणि कोट आपण परत घेऊन जायचा, हे मास्तरांना बरं वाटेना. त्यांनी कोट काढला.

काढल्यावर त्यांना आठवलं की बायको गेलं वर्षभर त्या सदऱ्याबद्दल काहीतरी सांगत होती. कोट वर असतो या भरवशावर मास्तरांनी आतल्या सदऱ्याकडे पाहणं सोडूनच दिलं होतं. पाठीवर एक खिडकी होती. एका बाहीचं कोपर गेलं होतं, दुसऱ्या बाहीचं जाण्याच्या बेतात होतं. भाच्याच्या मोबाईलने ते सगळं नीट टिपलं. मास्तरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी कोटाची घडी घातली, नाव आत राहील अशी, खाली वाकून तो खड्ड्यात ठेवला, आणि मुठीने माती सारली. त्यांच्यानंतर सगळ्या मुलांनी सारली. बटणने दोनदा सारली.

कारभाऱ्यांनी फॉर्मवर ‘फळा’ खोडून ‘कोट’ केलं. मग अर्जदाराचे मृताशी नाते या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी तिथली रेघ खोडली आणि लिहिलं: ‘जवळचे.’

फळा अर्थातच परत आला. त्याच मुलांनी तो परत आणला, येताना तो हलका वाटत होता असं त्यांचं म्हणणं. अध्यक्ष सबंध रस्ता मास्तरांच्या बाजूने चालले, पण वर्गाचा विषय त्यांनी काढला नाही. फक्त सिनेगॉगपाशी आल्यावर भाच्याला म्हणाले, तुझा तो प्रोजेक्टर आमच्या दुकानात लाव, चष्म्याच्या जाहिरातीला बरा.

पुढच्या रविवारी मास्तर स्वेटर घालून गेले. सकाळभर ते जरा खजील होते. कोटाशिवाय वर्गात उभं राहायचं म्हणजे त्यांना अर्ध्या कपड्यांत उभं राहिल्यासारखं वाटत होतं. खोलीचं दार उघडलं तर मुलं आधीच येऊन बसलेली. आणि फळा भरलेला.

शिवणबाईंनी आठवडाभरात मुलींना कोटाची बाही शिकवली होती. मोठ्या माणसाची, पुऱ्या मापाची, फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेजारी खांद्याचं माप, छातीचं माप. त्या शनिवारी दारात उभ्या राहून बोलताना त्यांनी नजरेनेच ती मापं घेतली असावीत, कारण ती बरोबर होती. खाली शिवणवर्गाच्या मुलींची नावं होती, कॉलर कोण करणार, खिसे कोण करणार.

मास्तरांनी खडू उचलला, लिहायला जागा शोधली. जागा कुठेच नव्हती. कोपऱ्यात शिवणबाईंच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: ‘पुसू नये. माप चुकेल.’

मास्तरांनी खडू खाली ठेवला, खुर्ची ओढली आणि बाकांच्या मध्ये जाऊन बसले.

"बरं," ते म्हणाले, "तर ते लोक पुस्तकं घेऊन निघाले."

वकीलीणबाईचा हात वर गेलेला होताच.